आकडे ताजे आहेत का?
(उपग्रह कधी दिसेल हे कॉम्प्युटर कसे सांगतो)



"तुम्ही कॉम्प्युटरवाले आहात ना, मग अंकासाठी काहीतरी लिहा. पण मुलांना समजेल असं लिहा हं!" असे आपल्या वर्गाच्या बाईंनी मला सांगितले. मी बरीच वर्षे सॉफ्टवेअर लिहितो आहे, पण मराठीत निबंध लिहिल्याला पंचवीसेक वर्षे झाली. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका बाईंनी सुधारून घ्याव्यात आणि बाकीच्या चुका माझ्या समजाव्यात. एका चुकीची गोष्ट तर मी स्वतःच सांगणार आहे.

आजी गच्चीवर उभी राहिली

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. माझी आई, म्हणजे माझ्या मुलांची आजी, साताऱ्याला असते. २०२५ च्या जून-जुलैमध्ये भारताचे शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात राहून आले, तेव्हापासून तिच्या मनात एकच होते. "ते स्थानक नुसत्या डोळ्यांना दिसतं म्हणतात. मला एकदा बघायचंय."

मला एक गंमत माहीत होती. हे स्थानक कधीकधी आपल्या लंडनच्या डोक्यावरून आग्नेयेकडे जाते आणि साधारण १७ मिनिटांनी महाराष्ट्रावर पोचते. आपल्याला साताऱ्याला जायला अख्खा दिवस लागतो, पण त्याला शाळेच्या मधल्या सुट्टीएवढाही वेळ लागत नाही! मेच्या शेवटी तर आणखी एक सोय असते. इथे तेव्हा मध्यरात्रीही सूर्य क्षितिजाच्या फार खाली जात नाही, म्हणून इतक्या उंचीवरच्या स्थानकावर ऊन असते आणि ते चमकते. त्याच वेळी साताऱ्यात पहाट असते आणि पाऊस अजून सुरू झालेला नसतो. म्हणजे एकाच फेरीत नातवंडांनी ते इथून बघायचे आणि १७ मिनिटांनी आजीने तिथून!

मी कॉम्प्युटरला विचारले. त्याने सांगितले की इथे रात्री १२ वाजून ३५ मिनिटे आणि साताऱ्यात पहाटे ५ वाजून २२ मिनिटे. मी आजीला फोन करून वेळ कळवली. मुलांना झोपेतून उठवून अंगणात आणले, तर वर नुसते ढग! इंग्लंडच ते. आम्ही आत आलो आणि आजीच्या फोनची वाट पाहत बसलो.

५ वाजून २६ मिनिटांनी फोन आला. "अरे, तुझं ते स्थानक काही आलं नाही. मी पाच वाजल्यापासून गच्चीवर उभी आहे, मान दुखायला लागली. आता उजाडेल. खाली जाऊन चहाचं आधण ठेवते."

माझी धाकटी मुलगी म्हणाली, "बाबा, पण कॉम्प्युटर चुकतो का?"

त्या रात्री मी तिला जे उत्तर दिले तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

न बघता कसे सांगायचे?

जत्रेतले मेरी-गो-राउंड डोळ्यांपुढे आणा. तुमचा मित्र लाकडी घोड्यावर बसला आहे. तुम्ही घड्याळ लावून पाहिलेत की एक फेरी बरोबर ३० सेकंदांची आहे. चार वाजता तो तुमच्या अगदी समोर होता. आता तुम्ही पाठ फिरवून उभे राहिलात तरी सांगू शकाल की चार वाजून दहा मिनिटांनी तो पुन्हा समोर असेल आणि त्यानंतर १५ सेकंदांनी बरोबर मागच्या बाजूला. न बघता सांगता आले, कारण तुम्हाला दोन गोष्टी माहीत होत्या. एका फेरीला किती वेळ लागतो, आणि कोणत्या क्षणी तो कुठे होता.

उपग्रहाचे भाकीत म्हणजे हेच. फक्त तिथे मेरी-गो-राउंड तिरके असते, थोडे लांबट असते, आणि आपण बघणारे स्वतःच दुसऱ्या मेरी-गो-राउंडवर, म्हणजे फिरत्या पृथ्वीवर, उभे असतो.

अवकाश स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० ते ४२० किलोमीटर उंचीवरून, सेकंदाला साडेसात किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने जाते. एका फेरीला त्याला सुमारे ९३ मिनिटे लागतात, म्हणजे दिवसाला साडेपंधरा फेऱ्या होतात. तेवढ्या ९३ मिनिटांत खालची पृथ्वी सुमारे २३ अंश पूर्वेकडे सरकते. म्हणून पुढच्या फेरीला स्थानक त्याच गावावरून जात नाही, बरेच पश्चिमेकडून जाते. "मग परत दीड तासाने बघू" असे म्हणून चालत नाही ते यामुळे.

दोन ओळींची कुंडली

ग्रह सूर्याभोवती कसे फिरतात याचे नियम योहानेस केपलर यांनी १६०९ आणि १६१९ मध्ये मांडले. तेच नियम पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहालाही लागू पडतात. त्या नियमांप्रमाणे कोणतीही कक्षा सहा आकड्यांत सांगता येते. दिवसाला फेऱ्या किती, कक्षा किती लांबट आहे, विषुववृत्ताशी तिचा कल किती आहे, तिचे तोंड कोणत्या दिशेला आहे (याला दोन आकडे लागतात), आणि ठरलेल्या एका क्षणी उपग्रह त्या कक्षेत नेमका कुठे होता. स्थानकाचा कल ५१.६ अंश आहे. लंडन ५१.५ अंशांवर आहे, म्हणून स्थानकाच्या वाटेचे उत्तरेकडचे टोक जवळजवळ आपल्या डोक्यावर येते.

हे आकडे लिहिण्याची एक पद्धत पंच कार्डांच्या काळात ठरली. प्रत्येक उपग्रहाला दोन ओळी, आणि प्रत्येक ओळीत ६९ अक्षरे. कार्डावर ८० अक्षरेच मावत, त्यामुळे एक दशांश चिन्हसुद्धा फुकट घालवायचे नाही! आता उपग्रह इतके वाढले आहेत की त्यांच्या क्रमांकाला या ओळींमधली पाच आकड्यांची जागा पुरेनाशी झाली, आणि म्हणून नव्या पद्धती निघाल्या आहेत. पण आत तेच आकडे असतात. आपल्या स्थानकाचा क्रमांक २५५४४ आहे. त्याचा पहिला भाग १९९८ मध्ये वर गेला.

या दोन ओळींमध्ये आणखी एक आकडा असतो, आणि माझी सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे. तो म्हणजे हे आकडे कोणत्या क्षणाचे आहेत. तो दिवसांच्या मोजणीत लिहितात. समजा तिथे १४५.५ असे आहे. याचा अर्थ १ जानेवारीपासून १४५ वा दिवस, म्हणजे लीप वर्ष नसेल तर २५ मे, आणि .५ म्हणजे ग्रिनिचच्या वेळेने दुपारचे बारा. आजी पत्रिकेच्या डोक्यावर जन्मवेळ लिहून ठेवते ना, तसेच हे. जन्मवेळ नसेल तर बाकीचे आकडे कितीही बिनचूक असोत, काही उपयोग नाही.

सॉफ्टवेअर काय करते?

अमेरिकेच्या अवकाश दलाची रडारे आणि दुर्बिणी हजारो उपग्रह आणि त्यांचे तुकडे सतत मोजत असतात आणि त्यावरून या ओळी तयार होतात. त्यातल्या बहुतेक सर्वांना फुकट मिळतात. टी. एस. केल्सो नावाचे गृहस्थ तर १९८५ पासून त्या लोकांपर्यंत पोचवत आले आहेत. त्या ओळी वापरून पुढची जागा काढण्याचे गणित एसजीपी-४ या नावाने ओळखले जाते. फेलिक्स हूट्स आणि रोनाल्ड रोरिक यांनी ते १९८० साली फोरट्रान भाषेतल्या प्रोग्रॅमसकट एका अहवालात छापले, आणि त्यानंतर जगभरच्या हौशी लोकांनी ते आपापल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतले. 'प्रेडिक्ट' आणि 'जीप्रेडिक्ट' हे फुकट मिळणारे प्रोग्रॅम तेच गणित करतात.

पालकांपैकी जे प्रोग्रॅमिंग करतात त्यांना उत्सुकता असेल, म्हणून पायऱ्या थोडक्यात देतो. मुलांनो, तुम्हीही वाचा. कठीण नाही.

पहिली पायरी: दोन ओळी वाचा. आपल्याला हवी असलेली वेळ आकड्यांच्या वेळेपासून किती मिनिटे दूर आहे ते काढा.

दुसरी पायरी: तेवढ्या मिनिटांत उपग्रह किती पुढे गेला ते काढा. इथे नुसते केपलर पुरत नाहीत. पृथ्वी चेंडूसारखी गोल नाही, कमरेला थोडी फुगलेली आहे. त्या फुगवट्याच्या ओढीमुळे स्थानकाची अख्खी कक्षा रोज सुमारे ५ अंश पश्चिमेकडे वळते. शिवाय वरची विरळ हवा उपग्रहाला थोडी थोडी मागे खेचते. एसजीपी-४ या दोन्ही गोष्टी धरते.

तिसरी पायरी: तेवढ्या वेळात पृथ्वी किती फिरली ते काढा. आता उपग्रह कोणत्या गावावर आहे ते कळले.

चौथी पायरी: बघणाऱ्याचे अक्षांश-रेखांश घेऊन तो कोणत्या दिशेला आणि क्षितिजापासून किती अंश वर दिसेल ते काढा.

पाचवी पायरी: सूर्य कुठे आहे ते पहा. खाली अंधार आणि वर उपग्रहावर ऊन, असे असेल तरच तो दिसणार. स्थानकाला स्वतःचा झगमगाट नाही. ते चमकते ते उन्हाने.

हे सगळे करायला कॉम्प्युटरला डोळ्याचे पाते लवण्याइतकाही वेळ लागत नाही. पण मुलांनो, एक गोष्ट लक्षात घ्या. या पाचही पायऱ्यांमध्ये कॉम्प्युटरने आकाशाकडे एकदाही पाहिलेले नाही! तो तुमच्यासारखाच मेरी-गो-राउंडकडे पाठ करून उभा आहे. त्याने शेवटचे ऐकले होते त्यावरून तो सांगतो. मध्येच कोणी मेरी-गो-राउंडचा वेग बदलला तर त्याला काय कळणार?

माझे काय चुकले?

आजीचा फोन ठेवल्यावर मी प्रोग्रॅम पुन्हा उघडला आणि आधी बघायला हवे होते ते तेव्हा पाहिले. आकडे १२५ व्या दिवसाचे होते, म्हणजे ५ मेचे. आणि आज तारीख होती २६ मे. तीन आठवड्यांपूर्वी एका सुट्टीत मी ते उतरवून घेतले आणि नंतर विसरून गेलो. प्रोग्रॅमने कसलीही तक्रार न करता जुन्या आकड्यांवरून उत्तर दिले, सेकंदापर्यंत! उत्तर इतके नेटके दिसत होते की मला शंकाच आली नाही.

मी ताजे आकडे घेतले. दिवसाच्या फेऱ्यांचा आकडा किंचित कमी झालेला दिसला. म्हणजे मधल्या काळात स्थानकाला कोणीतरी वर ढकलले होते. असे अधूनमधून करावेच लागते. हवेच्या ओढीमुळे स्थानक दर महिन्याला दोन-एक किलोमीटर खाली येते, कधी त्याहून जास्त. म्हणून रॉकेट थोडा वेळ चालवून त्याला पुन्हा वर नेतात.

आता हिशेब करू. कक्षा दोन किलोमीटरने वाढली की प्रत्येक फेरीला सुमारे अडीच सेकंद जास्त लागतात. अडीच सेकंद म्हणजे काय, काहीच नाही! पण दिवसाला साडेपंधरा फेऱ्या, म्हणजे रोजचे सुमारे ३८ सेकंद. त्या ढकलण्याला दहा दिवस झाले होते. दहा दिवसांचे ३८० सेकंद. सहा मिनिटांहून जास्त!

म्हणजे आजी ५ वाजून २२ मिनिटांनी आकाशात शोधत होती तेव्हा स्थानक अजून इराणवर होते. ते साताऱ्यावर आले ५ वाजून २८ मिनिटांनी. आणि ५ वाजून २६ मिनिटांनी आजी चहा ठेवायला खाली गेली. स्थानक आले होते. माझ्या जुन्या आकड्यांमुळे ते तिला दिसले नाही.

मोठ्यांचीही फसगत होते

तुम्हाला वाटेल, हे घरगुती चुकीचे ठीक आहे, खरे शास्त्रज्ञ असे फसत नसतील. तर तसे नाही. तुमच्या आजी-आजोबांना 'स्कायलॅब' हा शब्द विचारून पहा. १९७३ मध्ये अमेरिकेने सोडलेले ते अवकाश स्थानक. त्यानंतरच्या वर्षांत सूर्य अपेक्षेपेक्षा जास्त तापट निघाला, त्यामुळे वरची हवा फुगली आणि स्कायलॅब लवकर खाली येऊ लागले. ते नेमके कधी आणि कुठे पडेल हे कोणालाच आधी नक्की सांगता येत नव्हते. भारतातही लोक घाबरून गेले होते. शेवटी ११ जुलै १९७९ रोजी ते पडले, आणि त्याचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात सापडले. माझ्या आईने स्थानकाची वेळ पहिल्यांदा ऐकली तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "स्कायलॅबसारखं नाही ना रे काही?"

दुसरे उदाहरण आणखी मोठे आहे. १० फेब्रुवारी २००९ रोजी सायबेरियावर सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर अमेरिकेचा चालू उपग्रह इरिडियम ३३ आणि रशियाचा बंद पडलेला कॉसमॉस २२५१ एकमेकांवर आदळले. या दोन ओळींवरून काढलेले भाकीत होते की ते एकमेकांपासून ५८४ मीटरवरून जातील. प्रत्यक्षात अंतर उरले शून्य. दोन हजारांहून जास्त मोजता येण्याजोगे तुकडे झाले. आकडे खोटे नव्हते. पण अगदी ताज्या ओळींमध्येही साधारण एक किलोमीटरची चूक धरून चालावे लागते, आणि पुढे ती दिवसाला एक ते तीन किलोमीटरने वाढत जाते. उत्तर "५८४" असे नेमके दिसले तरी त्याच्याभोवती किलोमीटरभराचे धुके होते.

आपल्याला गच्चीवर उभे राहायला एक-दोन किलोमीटरच्या चुकीने काही फरक पडत नाही. स्थानक तेवढे अंतर पाव सेकंदात जाते. पण दोन उपग्रहांची टक्कर टाळायची असेल तर तेवढी चूक फार मोठी. म्हणून भाकीत बरोबर आहे का, एवढेच विचारून भागत नाही. ते किती जुने आहे, आणि मला ते कशासाठी हवे आहे, हेही विचारावे लागते.

केटरिंगची शाळा

कॉम्प्युटर नसताना हे कोणाला जमले असते का? जमले होते, आणि तेही आपल्याच देशात, तुमच्याएवढ्या मुलांना. इंग्लंडमधल्या केटरिंग गावच्या ग्रामर स्कूलमध्ये जेफ्री पेरी नावाचे भौतिकशास्त्राचे शिक्षक होते. ते आणि त्यांचे विद्यार्थी रेडिओवर रशियन उपग्रहांचे आवाज ऐकत आणि वेळा वहीत टिपून ठेवत. १९६६ च्या मार्चमध्ये सुटलेल्या कॉसमॉस ११२ ची वाट रशियाच्या नेहमीच्या तळाशी जुळेना. त्यानंतरच्या उपग्रहाची वाटही तशीच निघाली. मुलांनी त्या वाटा नकाशावर मागे मागे नेल्या. जिथे त्या रेघा एकमेकींना छेदत होत्या तिथेच तळ असणार! ती जागा होती उत्तर रशियातले प्लेसेत्स्क. जगापासून लपवलेला हा तळ शाळेतल्या मुलांनी शोधून काढला. तो खरोखरच आहे हे सोव्हिएत सरकारने १९८३ मध्ये मान्य केले.

त्यांच्याकडे होता एक रेडिओ, एक घड्याळ आणि वही. महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक नोंदीपुढे त्यांनी वेळ लिहिली होती. वेळ लिहिली नसती तर त्या आवाजांचा काहीच उपयोग झाला नसता.

पुन्हा गच्चीवर

आता आजीकडे परत येऊ. त्याच रात्री मी ताज्या आकड्यांवरून पुढच्या पहाटेची वेळ काढली. ४ वाजून ३९ मिनिटे. आणखी एक गोष्ट प्रोग्रॅमने सांगितली. या वेळी स्थानक क्षितिजापासून दिसणार नाही. ते पृथ्वीच्या सावलीत असेल आणि बरेच वर आल्यावर एकदम उजळेल.

मी फोन केला. आजी म्हणाली, "परत? आज तरी येणार आहे का ते?"

मी म्हटले, "आई, काल आकडे शिळे होते. आज ताजे आहेत."

"मग कालच विचारायचं नाहीस का? मंडईत भाजी घेताना विचारतो तसं!"

आमच्याकडे त्या रात्रीही ढगच होते. पण मुले झोपायला तयार नव्हती. आम्ही फोन लावून मध्ये टेबलावर ठेवला. पलीकडून कुत्र्याचे भुंकणे ऐकू येत होते, आणि आजीचा श्वास. मी घड्याळ बघून मोजत होतो. ३७... ३८... आजी म्हणाली, "काही नाही रे. नुसते तारे आहेत." आणि मग तिचा आवाज एकदम बदलला. "अगंबाई! लागला की दिवा! मध्येच लागला! चाललाय बघ, कसा सरळ चाललाय, आवाज नाही काही नाही..."

आमच्यापैकी कोणी काही बोलले नाही. इथल्या ढगांच्या वरून तोच दिवा १७ मिनिटांपूर्वी गेला होता आणि आम्हाला दिसला नव्हता. पण आम्ही तो आजीच्या तोंडून पाहिला.

तेव्हापासून आमच्या घरात एक प्रश्न रूढ झाला आहे. मी काहीही सांगितले, म्हणजे हवामान, रेल्वेची वेळ, सुपरमार्केट किती वाजेपर्यंत उघडे, तर धाकटी विचारते, "बाबा, आकडे ताजे आहेत का?" कधीकधी राग येतो. पण प्रश्न बरोबर आहे.

आता फोनवरची ॲप्ससुद्धा हे गणित करतात आणि बहुतेक वेळा ताजे आकडे आपणहून आणतात. तरीही उत्तरावर विश्वास ठेवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारायची सवय लावा:

१. हे कोणत्या गावासाठी आहे?
२. हे कोणत्या घड्याळाने आहे? (सॉफ्टवेअर आतून ग्रिनिचच्या वेळेने चालते. आपले घड्याळ उन्हाळ्यात त्याच्या एक तास पुढे असते. भारत आपल्यापुढे उन्हाळ्यात साडेचार तास आणि हिवाळ्यात साडेपाच तास असतो.)
३. हे आकडे केव्हाचे आहेत?

घरी करून पहा

१. ॲपमध्ये किंवा प्रोग्रॅममध्ये स्थानक (क्रमांक २५५४४) शोधा. त्याच्या आकड्यांची तारीख शोधून वहीत लिहा. ती दिवसांच्या मोजणीत असेल तर नेहमीच्या तारखेत बदला.
२. आजचे भाकीत वहीत लिहून ठेवा. दहा दिवसांनंतरच्या एका फेरीचे भाकीतही आजच काढून ठेवा. मग त्या दिवशी ताज्या आकड्यांवरून तीच वेळ पुन्हा काढा. फरक किती सेकंदांचा आला?
३. समजा स्थानकाला प्रत्येक फेरीला ४ सेकंद जास्त लागू लागले. दिवसाला १५.५ फेऱ्या धरल्या तर ६ दिवसांनी ते किती उशिरा येईल? (उत्तर पुढच्या रविवारी मला वर्गात येऊन सांगा. बाबांकडून करून आणू नका!)
४. आजी-आजोबा भारतात असतील तर त्यांच्या गावाची वेळ काढून द्या. फोन करण्यापूर्वी तारीख बघा.

कठीण शब्दांचे अर्थ

कक्षा: उपग्रहाची फिरण्याची वाट.
कल: कक्षा विषुववृत्ताशी किती तिरकी आहे ते.
भाकीत: पुढे काय होईल याचा आधीच केलेला अंदाज.
क्षितिज: आकाश जमिनीला टेकल्यासारखे दिसते ती रेघ.
आग्नेय: पूर्व आणि दक्षिण यांच्यामधली दिशा.
विरळ: दाट नसलेले.
शिळे: ताजे नसलेले. पोळीला म्हणतात, आणि आमच्या घरी आता आकड्यांनाही.